लक्ष्मणच्या होडीवरचा बाटला

विकली की गेली, अशा वस्तूंचे किस्से होत नाहीत. आमच्या दुकानातली वस्तू मात्र रिकामी होऊन परत यायची आणि येताना काहीतरी ऐकवून जायची! साठ सालानंतरची गोष्ट. रेवदंड्याच्या बाजारात गॅसच्या दुकानात मी कामाला होतो. मालक शेठ, शेगड्या तपासणारा दाऊद मिस्त्री आणि बिलं फाडणारा मी, एवढाच आमचा स्टाफ. गॅसचे छोटे बाटले मुंबईहून भरून शिडाच्या मचव्यानं यायचे आणि होड्यांवर, कॅम्पांवर, मुरुडच्या लॉजांत भाड्यानं जायचे. त्यांचे किस्से इतके साठलेत की कुठला आधी सांगू, असं होतं.

*

काशीदचे नाना म्हणजे नारळाच्या वाडीचे मालक. पाहुण्यांना किनाऱ्यावर चहा करून पाजायचा म्हणून शेगडी न्यायला आले. ओळीत मांडलेले बाटले सगळे सारखेच, पण नाना ऐकतात थोडेच! एकेक उचलून कानाशी हलवला, टिचकी मारली, अगदी नारळ पारखतात तसा.

कोपऱ्यातल्या बाटल्यापाशी आले आणि थांबले. पुन्हा कान लावला. मग हळूच तो जागेवर ठेवला.

"हा नको."

"का हो नाना? वाजत नाही?"

"वाजतो की! पण मी कान लावला, तेव्हा तोही ऐकत होता."

शेठ आणि मी पोट धरून हसलो. दाऊद हसला नाही.

*

तो बाटला कुठला, हे दाऊदला चांगलं ठाऊक होतं. आदल्या वर्षी लक्ष्मण कोळ्याची होडी माणसांसकट बुडाली. फळकूटसुद्धा हाती लागलं नाही. फक्त होडीवरचा आमचा रिकामा बाटला तरंगत किनाऱ्याला लागला. दाऊद म्हणाला, "शेठ, हा ठेवू नका." शेठ म्हणाले, "लोखंडाला कसलं सुतक!" रंग मारला, मुंबईला पाठवला आणि भरून आणला.

लक्ष्मणची आई, आनंदीबाय, आमच्या दुकानासमोरच सुकट विकायला बसायची. आता तिला धाकटा गणा तेवढा उरला होता आणि तोही होडीवर जायचा हट्ट धरून बसला होता. "येक दिला दर्याला. दुसरा नाय देनार!" असं ती गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायची. पण कोळ्याचा तरणा पोर घरात बसणार तरी किती?

*

पौषात डोंगरावर सर्व्हेचा कॅम्प पडला. साहेबांची बायको थंडीनं आजारी, म्हणून हीटर हवा होता. साहेब शिकलेले! त्यांनी काट्यावर सगळे बाटले तोलले आणि सगळ्यात भरलेला म्हणून नेमका तोच नेला. दोन दिवसांत परत.

"पेटत नाही का साहेब?"

"पेटतो हो! जाळी लालभडक होते. पण तंबू गरम होत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मिसेस म्हणते, कुणीतरी ओल्या कपड्यांनी शेजारी येऊन बसतं."

*

मुरुडच्या लॉजचा आचारी त्याच बाटल्यावर सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करत राहिला. मग एक दिवस एस.टी.तून उतरला तो थेट दुकानात आला आणि बाटला शेठच्या पुढ्यात ठेवला.

"शेठ, हा संपतच नाही!"

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कसलं? न संपणारं काही माझ्या स्वयंपाकघरात नको!"



*

दाऊद प्रत्येक बाटल्याच्या तोंडाला साबणाचा फेस लावून बघायचा. गळती असली की फुगे येतात, साधी गोष्ट. त्या बाटल्याला फेस लावला आणि त्यानं मला हाक मारली. फुगा आला नव्हता. फेस आत ओढला जात होता. मग थोडा बाहेर. मग पुन्हा आत.

"बाहेर येतो तो गॅस," दाऊद म्हणाला. "आत जातो तो काय?"

सरळ सांगतो, त्या दिवसापासून मी कोपऱ्याकडे पाठ करून बसलो नाही.

*

नारळी पौर्णिमा झाली आणि गणा निघालाच. आनंदीबायनं शेवटी अडवणं सोडलं, पण एक अट घातली. होडीवरचा बाटला ती स्वतः निवडणार.

तिनं काही वाजवून पाहिलं नाही. आजारी पोराचा ताप बघावा तसा एकेका बाटल्यावर हात ठेवत गेली. कोपऱ्यात पोचली आणि तिचा हात तिथंच राहिला.

"ह्योच."

दाऊद कळवळून म्हणाला, "बाय, तो नको. तो कुठला ते ठावं हाय ना तुला?"

"ठावं हाय, म्हनूनच."

होडी गेली आणि दुसऱ्याच दिवशी वादळ उठलं. सगळा कोळीवाडा बंदरावर लोटला. आनंदीबाय गुडघाभर पाण्यात उभी, डोळे समुद्राकडे. वादळ ओसरलं, बाकीच्या होड्या आल्या, गणाची येईना. लोक तिला घरी चल म्हणू लागले. ती हलली नाही.

आणि दुपारी होडी आली! शीड फाटलेलं, पण माणसं सगळी जिवंत.

गणा बाटला खांद्यावर घेऊन दुकानात आला, मागून आई.

"शीड गेला, काय दिसंना. पन शेगडीवर लाट आली तरी ती इझली नाय, शेठ! आन ज्योत कशी, वाऱ्याच्या उलटी झुकायची. आमी तिकडंच वल्ही मारली."

किती गॅस उरलाय ते बघायला दाऊदनं चावी फिरवली. गॅसचा आवाज झाला नाही. बाटल्यातून पाण्याची धार लागली. दाऊदनं बोट लावून जिभेला टेकवलं, "खारं आहे," म्हणाला आणि मागं सरकला. धार थांबेपर्यंत जमीन ओली झाली होती.

शेठ सवयीनं, पण अगदी बारीक आवाजात म्हणाले, "उद्याच्या मचव्यानं भरायला पाठवा."

आनंदीबायनं पदरानं बाटला पुसला.

"नको, शेठ. आता ह्याला भरू नका. दमला असल."