समोर वाघ, मागे व्हॅन

चामोर्शीला बायकोच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. गाडी मी चालवत होतो, शेजारी बायको आणि मागच्या सीटवर सासूबाई. मूल गाव सोडल्यावर मोठ्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली दिसली, म्हणून मी जंगलातला आतला रस्ता धरला. सासूबाईंना तो रस्ता पसंत नव्हता. पण त्यांना माझं गाडी चालवणंच पसंत नव्हतं, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एका वळणापुढे रस्त्याच्या मधोमध वाघ बसला होता. मी ब्रेक दाबला. वाघाने आमच्याकडे पाहिलं आणि पंजा चाटायला घेतला. मी हळूच रिव्हर्स टाकला. हळूच टाकला असं मला वाटत होतं. मागून वळणावर येणाऱ्या व्हॅनवर आमची गाडी जाऊन आदळली. पुढे जायचा प्रश्नच नव्हता, पण तसं करून पाहिल्यावर कळलं की दोन्ही बंपर एकमेकांत अडकले आहेत.

अपघातानंतर काय करावं यावर आमच्या कॉलेजात नुकतंच व्याख्यान झालं होतं. इंजिन बंद करा, चारही इंडिकेटर लावा, कोणाला लागलंय का पाहा, वाद घालू नका, खाली उतरून रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहा. मी इंजिन बंद केलं, इंडिकेटर लावले आणि उतरण्याच्या मुद्द्यावर थांबलो.

व्हॅनवालाही उतरेना. त्याच्या काचेवर बल्लारपूरच्या बांगड्यांच्या दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर लिहिलेला होता. बायकोने मागे वळून तो वाचला, मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो, मी तुमच्या समोरच्या गाडीतून बोलतोय."

"बोला ना साहेब, दिसून राह्यले तुम्ही. कोणाले लागलं तर नाई?"

हे खरं तर मी विचारायचं होतं. मी जरा चिडलोच. "वळणावर हॉर्न का नाही दिला तुम्ही?"

"हॉर्न समोरून येणाऱ्याले देतेत साहेब. तुम्ही तं उलटे येऊन राह्यले होते."

"तुम्ही पुढे आलात म्हणून लागली."

"रस्त्यानं पुढंच येतेत ना साहेब."

मागून सासूबाई म्हणाल्या, "बरोबर बोलून राह्यले ते. जवाईबापू, तुम्हीच मांगं आले."

तेवढ्यात फोनवर त्याच्या बायकोचा आवाज आला. "आजी, तुमाले लागलं काय?"

"मानेले जरासा हिसका बसला, बाई. तू कुठची?"

ती माहेरची चामोर्शीचीच निघाली. तिचे वडील आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचे. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "त्या चाचाची पोरगी होय तू? अवं, माह्या पोरीच्या लग्नात अख्ख्या वाड्यातल्या बायायले त्यानंच चुडा भरला होता."

मग चाचांचे गुडघे, तिची बाळंतपणं, बायकोच्या चुड्याचा रंग हिरवा होता की मेंदीचा, असं सगळं सुरू झालं. मी पुढे पाहिलं तर रस्ता रिकामा.

"वाघ गेला," मी म्हणालो.

"चूप राहा नं, मले ऐकू येत नाई," सासूबाई म्हणाल्या.

गेला म्हणजे किती गेला, हे कोणालाच सांगता येईना, म्हणून आम्ही सगळे बसूनच राहिलो. शेवटी समोरून एसटी आली. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "काय झालं?"

"वाघ होता."

"कुठी आहे?"

"गेला."

"मंग आतमधी काऊन बसले?"

आम्ही उतरलो. बसमधले निम्मे लोक वाघाचे ठसे पाहायला गेले आणि निम्म्यांनी आमच्या डिकीवर वजन टाकून बंपर सोडवला. पोलिसात जा असं काही म्हणाले, जाऊ नका असं बाकीचे म्हणाले. इन्शुरन्ससाठी नोंद बरी म्हणून मी आणि व्हॅनवाला चामोर्शीच्या ठाण्यात गेलो.

हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. "वाघाचा फोटो आहे?"

व्हॅनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. आमचे दोघांचे फोन बायकांच्या बोलण्यात गुंतले होते. माझ्या बायकोने मात्र तिच्या फोनवर एक काढून नंतर मला पाठवला होता. हवालदाराने तो मोठा करून पाहिला, तिरपा करून पाहिला आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही दाखवला. डॅशबोर्डवरचा गणपती फार सुरेख आला होता. त्याच्या कानामागे एक पिवळा ठिपका होता.

"हा गणपती आहे," हवालदार म्हणाला.

"मागे वाघ आहे."

"तुम्ही म्हणता तं असंल." त्याने लिहून घेतलं की जंगली जनावर आडवं आल्याने अपघात.

सासूबाईंनी त्या नवरा-बायकोला साखरपुड्याला ओढूनच नेलं. नवरीच्या बहिणींनी व्हॅनमधल्या बांगड्यांची खोकी उघडली आणि कार्यक्रम बाजूला राहिला. जेवण झाल्यावर मी आणि तो दोघं अंगणात गाड्यांपाशी गेलो. माझी डिकी लागत नव्हती, त्याच्या व्हॅनचं नाक दबलं होतं. आता समोरासमोर नीट भांडता येणार होतं.

"साहेब, तुम्ही मांगं आले," तो म्हणाला.

"तुम्ही पुढे आलात," मी म्हणालो.

दोघांनाही जेवण जड झालं होतं. त्याने व्हॅनमधून सुतळी काढली आणि मी डिकी दाबून धरली.