दिवाळीनंतरचा ताप

धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून शिकून वसुधा चंडीगढला आली, त्याला सोळा वर्षे झाली होती. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती रक्ताचे नमुने तपासत असे. डेंगूचे नमुने सप्टेंबरात ढिगाने येत आणि दिवाळी सरली की ओसरत. तिचे घरही याच अंदाजावर चाले. चंडीगढलगतच्या खरड गावातल्या तिच्या फ्लॅटमध्ये पाणी बेभरवशाचे, म्हणून बाल्कनीत दोन पिंपे भरलेली असत. दर रविवारी ती पिंपे रिकामी करून घासायची. दिवाळीनंतर मात्र घासणे बंद. दुष्काळी गावात वाढलेल्या बाईला पाणी ओतून देणे जिवावर येई.

यंदा थंडी लांबली. नोव्हेंबर संपत आला तरी टेबलावर नमुने येतच होते. उरलेसुरले असतील, असे ती मनाशी म्हणाली.

अशात तिच्या नवऱ्याला, जयंतला, ताप भरला.

"डेंगू तर नाही ना गं?"

"अहो, दिवाळी होऊन महिना झाला. साधा ताप आहे."

"डासांना कळवलंस का तसं? नाहीतर यायचे बिचारे चुकून."

ती हसली. त्याचे अंग फार ठणकत होते, म्हणून तिने घरातली अंगदुखीची गोळी दिली. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. डेंगूची शंका असेल तर हीच गोळी घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो, असे ती नमुना द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावत असे.

चौथ्या दिवशी दात घासताना जयंतच्या हिरड्यांतून रक्त आले, ते थांबेना. रुग्णालयात त्याचा नमुना तिच्याच टेबलावर आला. डेंगूच होता. प्लेटलेट बावीस हजारांवर उतरल्या होत्या.

वॉर्डात तरुण डॉक्टर कागद भरत होती. वसुधाला ती रोज पाहत असे.

"मॅडम, दर्द की कोई गोली तो नहीं दी?"

तेवढ्यात जयंत डोळे न उघडताच म्हणाला, "नहीं जी. सिर्फ पॅरासिटामोल. इनको तो सब पता है."

डॉक्टरने तसे लिहायला घेतले.

"दी है," वसुधा म्हणाली. "मैंने. चार गोलियाँ. कल शाम तक."

डॉक्टरचे पेन थांबले. तिने एकदा वसुधाकडे पाहिले, लिहिलेले खोडले आणि नर्सला हाक मारली. आता दर चार तासांनी रक्त तपासायचे होते.

"कशाला बोललीस?" जयंत पुटपुटला.

"तुम्ही पडून राहा."

पहिला नमुना घेऊन वसुधा स्वतःच जिना उतरू लागली. मुठीतली नळी अजून कोमट होती.