आईची साखर उतरली तेव्हा

लिहू की नको, असं बरेच दिवस वाटत होतं, कारण यात चूक माझीच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे आईचे रिपोर्ट मी वाचते, आणि मी सांगेन ते घरात खरं. आईला शुगर आहे, तरी नवरात्राचे नऊही उपास ती धरते. साबुदाणा-बटाट्याने शुगर चढते हे मी मोबाइलवर वाचलं होतं. म्हणून या वर्षी दोन्ही बंद करून तिला नुसतं दही आणि थोडे शेंगदाणे दिले. गोळ्या मात्र रोजच्याच चालू ठेवल्या. गोळी चुकवायची नसते, एवढंच मला माहीत होतं. तिची शुगर खाली येऊ दे, असं देवीकडेही रोज मागत होते.

सातव्या माळेला सकाळी आम्ही जुईनगरमध्ये देवीच्या देवळात रांगेत होतो. आईला दरदरून घाम आला, हात थरथरू लागले. मी तिला खाली बसवलं, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कुणाची गं?" शुगर वाढली असणार, असंच मी जमलेल्यांना सांगत होते. मागे उभ्या असलेल्या एका आगरी बाईंनी पुजाऱ्यांकडून पंचामृताची वाटी मागून घेतली. मी त्यांचा हात धरला.

"मावशी, गोड नको. तिला शुगर आहे."

"वाढली नाय, उतरली हाय. सोड हात, पोरी."

आईने तोंड मिटून घेतलं. "उपास हाय माझा."

"देवीचाच हाय ह्यो. पी."

ती गिळतेय ना ते बघत त्यांनी घोट घोट पाजलं. पंधराएक मिनिटांनी आईने मला नावाने हाक मारली. तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. "खाणं कमी केलं की शुगर उतरतेच," ते म्हणाले, "पण ही गोळी पोट रिकामं असलं तरी ती उतरवत राहते. उपासाआधी विचारायला यायचं."

दसऱ्यानंतर पुजाऱ्यांना विचारून मी त्या बाईंना मच्छी मार्केटात शोधून काढलं आणि पाया पडले.

"मी काय केला?" त्या म्हणाल्या. "माझा घरवाला असाच गेला, उपासाला. शुगर वाढली म्हनून मीपन त्याला गोड दिला नाय." आणि त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

देवीने आईला वाचवलं असं म्हणताना तेव्हापासून माझी जीभ अडखळते. त्यांच्या नवऱ्यालाही हीच देवी होती. तरी मी रोज हात जोडते, आणि आईच्या बरोबरीने त्या मावशींचंही नाव घेते. वेळेवर ओळखणारं माणूस आम्हालाच का मिळालं, ते मला कळत नाही. कळत नाही हे कबूल करायला शिकले, तेवढंच देवीच्या पायाशी ठेवते.