हरिषेणाचं अर्धं राहिलेलं लेणं

मागच्या महिन्यात अजिंठ्याला जाऊन आलो... मी आणि माझी वहिनी. सगळं आयुष्य संभाजीनगरात गेलं, पण पाहुणे आल्याशिवाय आपण लेण्यांकडे कुठं फिरकतो?

खरं तर वहिनीला घराबाहेर काढायचं होतं. माझा दादा गेल्या वर्षी अचानक गेला. पडेगावला त्यानं घर बांधायला काढलं होतं... स्लॅब टाकून झाला, विटांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि काम तिथंच थांबलं. वहिनी औरंगपुऱ्यातल्या भाड्याच्या घरातच राहिली. पडेगावचा विषय काढला की एकच म्हणायची, "विकून टाका."

सोळा नंबरच्या लेण्याबाहेर गाइडनं झिजलेला शिलालेख दाखवला. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या प्रधानानं हे लेणं खोदवून घेतलं म्हणे. मी हे नाव पहिल्यांदाच ऐकत होते!

माळव्यापासून कोकणापर्यंत, पार आंध्रापर्यंत त्याचा दबदबा. जी चित्रं बघायला जगभरातून माणसं येतात, त्यातली बहुतेक त्याच्याच काळातली. आणि माणूस म्हणून तो कसा होता, कसा दिसायचा... जवळजवळ काहीच ठाऊक नाही.

मग आम्ही चोविसाव्या लेण्यात गेलो आणि माझ्या अंगावर काटा आला.

केवढं ते दालन! काही खांब डोंगरातून अर्धेच सुटलेले. छतावर, भिंतींवर छिन्नीचे घाव अगदी ताजे वाटावेत असे... कारागीर नुकतेच भाकरी खायला उठलेत आणि आता परत येतील, असंच वाटत होतं. आम्ही आपोआप हळू आवाजात बोलायला लागलो.

"हरिषेण गेला, राज्य विस्कटलं, काम थांबलं... असं अभ्यासक सांगतात," गाइड म्हणाले.

"मग पुढं कुणीच पूर्ण नाही केलं?" वहिनीनं विचारलं.

"नाही मॅडम. दीड हजार वर्षं असंच आहे."

वहिनी तिथंच खाली बसली. आता रडणार, असं वाटून मी जवळ गेले. पण ती त्या अर्धवट छताकडे नुसती बघत होती... लहान मूल आभाळाकडे बघतं तशी.

"एवढ्या मोठ्या राजाचंपण राहिलंच की," ती म्हणाली. "आणि तरी किती सुंदर दिसतंय, बघा ना."

परतताना फुलंब्री मागं पडलं तेव्हा वहिनी म्हणाली, "ताई, उद्या मला पडेगावला घेऊन चला."

"विकायचं नक्की केलंस का?"

"नाही. राहायला जाते. प्लास्टर होईल तेव्हा होईल."

दारं-खिडक्या बसल्या, लाइट आली आणि ती खरंच राहायला गेली.

काल पहिल्यांदा तिच्याकडे चहाला गेले. आतल्या खोलीत उघड्या विटांवर खडूनं लिहिलेलं दिसलं... 'इथे देव्हारा'. दादाचं अक्षर! वहिनीनं अक्षराला धक्का न लावता बरोबर त्याच्याखाली देव मांडलेत. मी कितीतरी वेळ तिथं हात जोडून उभी होते... देवाला जोडले की दादाला, माझं मलाच कळेना.

आणि हो, हरिषेण महाराजांनाही जोडले. त्यांचे आभार कुठं जाऊन मानतात ते मला ठाऊक नाही... म्हणून इथं लिहिलं.