एका अंगाचं गलबत

मास्तरांनी उभ्या हयातीत फक्त कोट शिवले. शर्ट, पँट ही त्यांच्या मते शिकाऊ लोकांची कामं. दुकान पुढच्या पिढीनं न घेतल्यानं बंद झालं आणि मास्तर घरी बसले. घरी बसलेल्या माणसाला घर जितके दिवस सहन करतं तितके दिवस झाल्यावर मुलानं त्यांना लाकडी गलबताचा संच आणून दिला. डब्यात कणा, फासळ्या आणि काडीसारख्या लाकडी पट्ट्यांचा जुडगा. रविवारी सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक दातांचे डॉक्टर हौसेनं ही विद्या शिकवत, तिथं मास्तरांचं नावही घातलं.

पहिल्याच रविवारी डॉक्टरांनी बजावलं होतं, "पट्टी एक डावीकडे, एक उजवीकडे. अशीच आळीपाळीनं. एकच बाजू आधी भरलीत तर सरस वाळताना ओढ बसते, कणा पिळवटतो."

मास्तरांनी ऐकलं, मान डोलावली आणि हे इतरांसाठी आहे असं ठरवलं. बाकीचे तिघं म्हणजे एक बँकवाला, एक निवृत्त शिक्षिका आणि एक नुसताच जाडा. त्यांना सांगायला हवंच. मास्तरांनी मात्र आयुष्यभर कोटाला एक बाही आधी लावून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवली होती. ती बसली की दुसरी. तेव्हा घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी गलबताची डावी बाजू वरपासून खालपर्यंत भरून काढली. झकास बसली. संध्याकाळी पट्ट्या धरून ठेवणारे चिमटे काढून त्यांनी कण्यावरून नजर टाकली, तर कण्यानं केळ्यासारखा बाक घेतला होता.

ते पाहून मास्तर हात धुवायला गेले. धुतलेलेच हात त्यांनी बराच वेळ धुतले.

तेवढ्यात सुनेनं जेवणासाठी टेबल मोकळं केलं आणि गलबत उचलून खिडकीत ठेवलं. सकाळी तिथं ऊन आलं.

"अरे! हे वाकडं कसं झालं?" मुलानं विचारलं.

"खिडकीत ठेवलं होतं ना कुणीतरी," मास्तर म्हणाले.

घरात माणसं तीन. 'कुणीतरी' कोण, हे शोधायला पोलीस लागणार नव्हते. मुलगा सुनेकडे वळला. "एक गोष्ट त्यांच्या मनासारखी चालली होती घरात. तीही तुला नीट ठेवता येऊ नये?" यापुढेही तो बरंच बोलला. सून खाली बघत राहिली. मास्तर चिमटे मोजत होते. ते आधीच मोजलेले होते.

सून औषधांच्या दुकानात काम करायची. 'थंड व कोरड्या जागी ठेवा' हे वाक्य तिच्या रक्तात होतं, त्यामुळे उन्हानं माल बिघडतो यावर तिचा तात्काळ विश्वास बसला. तिनं बैठकीचे पडदे ओढले ते ओढलेच. भर दुपारी दिवे लागले. टेबल गलबताला देऊन टाकलं आणि तिघं स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून जेवू लागले. गलबताशेजारी तिनं भिंतीवर थर्मामीटर टांगला.

"काय गं, कुणी आजारी आहे का घरात? दिवसाढवळ्या अंधार!" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"हो, जहाज," सून म्हणाली. ती हसली नाही, म्हणून काकूही हसल्या नाहीत.

मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. एकदा ते "अगं..." इथपर्यंत पोचले. "चहा देऊ बाबा?" तिनं विचारलं. मास्तरांनी चहा घेतला. मग तिनं दारातूनच विचारलं, "थर्मामीटर किती दाखवतोय हो?" आणि मास्तरांनी चष्मा लावून, जवळ जाऊन, आकडा नीट वाचून सांगितला.

रविवारसाठी तिनं सुट्टी बदलून घेतली. "मी येते तुमच्याबरोबर. सरळ करता येईल का, डॉक्टरांना विचारते."

"तू कशाला? उगाच दगदग."

"चूक माझी, तर विचारायला मीच नको का?"

वाचनालयाचा जिना मास्तर इतक्या सावकाश कधी चढले नव्हते. वर डॉक्टरांनी गलबत उचललं, एक डोळा मिटून कण्यावरून पाहिलं, मग उजवीकडच्या उघड्या फासळ्यांवरून बोट फिरवलं.

"डॉक्टर, हे माझ्यामुळे झालं. मी उन्हात ठेवलं," सून म्हणाली.

डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. 'रोज रात्री दात घासता ना?' असं विचारून त्याचं उत्तर ऐकण्यात त्या माणसाची हयात गेली होती. खोटं कसं दिसतं हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"उन्हानं... होऊ शकतं थोडंफार," ते म्हणाले आणि थांबले.

सुनेची मान आणखी खाली गेली. मास्तरांना पळवाट दिसत होती. चांगली रुंद होती, सभ्य होती, आणि सुनेच्या पाठीवरून जात होती.

"उन्हानं नाही झालं," मास्तर म्हणाले. "मी एकच बाजू आधी भरली. तिनं हलवायच्या आधीच वाकलं होतं. मी पाहिलं होतं."

जाड्यानं आपली डोलकाठी फार निरखून पाहायला सुरुवात केली. "बरं," डॉक्टर म्हणाले, "मग पट्ट्या ओल्या करून सगळ्या उतरवाव्या लागतील."

परतताना अर्ध्या रस्त्यात सून थांबली.

"आठवडाभर मी दिवे लावून भाजी चिरली, बाबा."

"हो."

"तुम्ही आकडा वाचून सांगायचात मला."

"हो."

"मला हसू येत नाहीये."

"नको हसूस."

"यांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही." एवढं बोलून ती पुढे निघाली आणि घरात शिरून थेट आत गेली.

मुलगा पेपर वाचत होता. मास्तरांनी चपला न काढता, दारातच सगळं सांगितलं. मुलगा मोठ्यानं हसला. "एवढंच ना? जाऊ द्या हो बाबा! नवीन माणसाचं होतंच असं."

"मला 'जाऊ द्या' म्हणू नकोस," मास्तर म्हणाले. "तू तिला बोललास तेव्हा मी इथंच बसलो होतो. तुला थांबवलं नाही. आत आहे ती. जा."

मुलाचं हसू हळूहळू विरलं. त्यानं पेपराची घडी गरजेपेक्षा जास्त वेळ घातली आणि तो आत गेला. आधी त्याचा आवाज आला, हळू. मग तिचा, मुळीच हळू नाही. नवऱ्याला सुनावून झाल्यावर ती आतूनच सासऱ्यांकडे वळली, आणि तेही काही थोडक्यात आटोपलं नाही.

मास्तरांना बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येता आलं असतं. चपला पायात होत्याच. ते दारातच उभे राहिले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले.