साटंलोटं आणि अक्षय्यतेचा नियम

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा सगळ्या जगाचं मर्म आपल्याला उमगलंय असं मला वाटायचं. सव्वीस वर्षांच्या माणसाला असं वाटतंच. वेळीच कान धरणारं कुणी भेटलं नाही, याचा मात्र मला अजून राग येतो.

मर्म असं: एखादी गोष्ट हलवली, फिरवली, दोन गोष्टींची अदलाबदल केली आणि तरी निसर्गाच्या नियमात काडीचाही फरक पडला नाही, तर ती सममिती. आणि अशी सममिती जिथे असते, तिथे काहीतरी अक्षय्य राहतं. कालचा नियम आजही तोच, म्हणून ऊर्जा अक्षय्य. इथला नियम तिथेही तोच, म्हणून संवेग अक्षय्य. जग असं का आहे याचं उत्तर एवढ्यात येतं, देव लागत नाही, दैव लागत नाही. हे सगळं गणितानं सिद्ध केलं ते एका बाईनं, पण तेवढा तपशील मी वर्गात घाईघाईत उरकायचो.

घरी हे ऐकून घेणारा एकच माणूस होता, माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. चौकटीच्या कागदावर ते एकच मोर काढत, समोरासमोरच्या जोडीतला दुसरा मोर माग आपोआप उलटा विणायचा. मी सममिती समजावून सांगितली, तर चौथी शिकलेले आबा हसायलाच लागले.

"हात्तिच्या! हे तर आमचं रोजचं हाय. निम्मं मी काढतो, निम्मं माग काढतो. आन् चादरीत वर लाल दिसलं की खाली पांढरं. दोरा जातोय कुटं? वर न्हाय तर खाली."

मी खूश झालो. वर्गातल्या पोरांना वर्षभर न कळलेली गोष्ट आबांना चहा संपायच्या आत कळली होती. तिचं पुढे ते काय करतील, हे मात्र मला कळलं नाही.

आई जाऊन पाच वर्षं झाली होती. घर धाकटी बहीण चालवायची. तिचं लग्न करायचं तर घरात बाईमाणूस उरत नव्हतं, आणि माझं आधी करायचं तर हिचं वय चाललेलं. अशात कुर्डुवाडीचं एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपात, त्याला एक बहीण, घरात विधवा आई. आबांनी मला बोलावलं, कोरा कागद घेतला, मधोमध रेघ मारली.

"आपली पोर तिकडं, त्यांची पोर हिकडं. एक गेली, एक आली. घरात बाया तेवढ्याच. तुजाच नियम हाय न्हवं?"

याला आमच्याकडे साटंलोटं म्हणतात. मी शिकलेला माणूस, संतापून उठायला हवं होतं. पण माझाच नियम माझ्यापुढे टाकलेला, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंही वाटलं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिनं मान वर केली नाही, आणि मीही तिला काही विचारलं नाही. एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली. माझी बायको माझ्या बहिणीची नणंद, माझी बहीण माझ्या बायकोची नणंद, दोघी एकमेकींच्या भावजया. बायकोचा भाऊही मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणाच, तेव्हा तो माझा दोन्हींकडून मेहुणा आणि मी त्याचा. मराठी भाषासुद्धा आबांच्या बाजूची निघाली.

बहिणीचं छान जमलं. मेहुणा अबोल, पण ड्यूटीवरून येताना रोज तिच्यासाठी काहीतरी घेऊन येई. चिंचेचे आकडे, एकदा तर नुसती रुईची दोन पानं, तिचा गुडघा दुखत होता म्हणून. आमचं जमलं नाही, आणि त्याचं कारण मी. मला बायकोचं बोलणं सुधारायचं होतं. ती "हाय" म्हणाली की मी "आहे" म्हणायचो. ती "कुटं" म्हणाली की मी पेन खाली ठेवायचो. आपले आबा काय बोलतात हे मला ऐकू येत नव्हतं, बायकोचं तेवढं ऐकू यायचं.

एका रविवारी कॉलेजातले एक वरिष्ठ प्राध्यापक घरी आले. तिनं चहा दिला आणि आपुलकीनं विचारलं, "साखर लई झाली का?" मी त्यांच्यादेखत म्हणालो, "लई नव्हे, फार." पाहुणे हसले. तिनं "फार झाली का?" असं पुन्हा विचारलं, त्यांचं उत्तर ऐकून घेतलं, आणि त्यानंतर चार दिवस घरात अक्षर उच्चारलं नाही. पाचव्या दिवशी माझा तोल गेला. "बोलायचंच नसेल तर कुर्डुवाडीला जाऊन बस," असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ती गेली.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात टांगा थांबला. आतून बहीण उतरली, ट्रंकेसकट. मेहुण्यानं तिला स्टेशनापर्यंत आणून टांग्यात बसवलं होतं आणि तोंड दाखवायची लाज वाटून आल्या पावली परत गेला होता. त्याच्या आईचा निरोप होता: आमची पोर तुमी धाडली, तुमची आमी धाडली.

आबा म्हणाले, "एक गेली, एक आली."

मला त्या क्षणी स्वतःचीच पुस्तकं विहिरीत टाकावीशी वाटली. बहीण रडली नाही. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "दादा, तुझं भांडण तू भांड की. माझ्या संसारात कशाला आणलंस?" तिकडे लख्ख पेटलेली तिची नवी चूल माझ्या तोंडच्या एका वाक्यानं विझली होती.

मग सुरू झाला तो खेळ आठवला तरी अजून डोकं उठतं. तुम्ही आधी पाठवा. नाही, तुम्ही आधी. सासूबाईंनी कळवलं, दिवाळीपर्यंत आमची पोर नांदायला नेली न्हाय तर आमी पोराला दुसरी बघू. आबांनी लगेच उलट कळवलं, मग आमीबी बघू. दोन्ही घरांत एकही माणूस दुष्ट नव्हता, आणि तरी माझ्या बहिणीचा संसार मोडायच्या बेतात आला होता. मी घरात पाय आपटत फिरायचो, आबांशी भांडायचो, पण उठून कुर्डुवाडीला जात नव्हतो. पहिलं पाऊल त्यांनी टाकावं असं मलाही वाटत होतंच.

त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली, जी कुठल्या परीक्षेत आली नव्हती. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली तर जगाला पत्ता लागत नाही, कारण हा कोण आणि तो कोण हे सांगायला त्यांच्याकडे काहीच नसतं. सममितीचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा: फरक नसायला हवा. आम्ही दोन बायकांच्या बाबतीत तो फरक पाहायलाच विसरलो होतो, आणि वर त्याला निसर्गाचा नियम म्हणत होतो. नियम बिचारा बरोबर होता. आम्हीच गाढव होतो.

शेवटी माढ्याच्या एका नातेवाइकानं तोड काढली. दोघांनी आपापल्याकडची पोर घेऊन माढ्याच्या स्टेशनात यायचं आणि एकाच वेळी ती हवाली करायची. यावरही आबांनी हुज्जत घातली. निम्मं अंतर म्हणायचं तर मोहोळ, माढा त्यांना जवळ पडतं! मी हात जोडले, तेव्हा कुठे ते गाडीत बसले.

माढ्याला एका बाकावर आम्ही तिघं, समोरच्या बाकावर ते तिघं. मधे दोन ट्रंका. मेहुणा माझ्या बहिणीकडे पाहत होता आणि ती त्याच्याकडे. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमी उटा, आमी उटतो."

मी उठलो. बायको उठली ती आईकडे वळली.

"आई, वैनीला घरी घिऊन जा. मी सोलापूरला जानार न्हाय."

"मग ती बी न्हाय यायची."

"तिनं काय केलंय? दादाच्या तोंडाकडं बग की जरा. महिना झाला, धड जेवला न्हाय त्यो." मग ती भावाला म्हणाली, "दादा, उचल तिची ट्रंक." आणि मग माझ्याकडे पाहिलं, लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं सरळ. "तुमी मला बदलीत आनलं. तवा मला कुनी इचारलं न्हवतं. आता बदलीत न्हेऊ नका."

सासूबाई काही बोलायच्या आत मेहुण्यानं ट्रंक उचलून खांद्यावर घेतली होती. आईच्या शब्दाबाहेर तो गेल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कुर्डुवाडीची गाडी आली, ते चौघं त्या गाडीनं गेले.

परतीच्या गाडीत मोहोळ गेल्यावर आबा म्हणाले, "आता त्यांनी सूनबाईला धाडलीच न्हाय, तर आपल्या हातात काय हाय?"

"काही नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

पुढच्या रविवारी मी एकटाच कुर्डुवाडीला गेलो. बहिणीनं चहा दिला, बायको बाहेर आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. चौथ्या रविवारी ती दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"वैनी सुकात हाय. मग कशाला येता?"

"तुझ्यासाठी."

"आन् मी आलेच न्हाय तर?"

धाक घालायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. "तर पुढच्या रविवारी परत येईन," मी म्हणालो.

"या की मग," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.