मामांचा पहिला नारळ

साखरशेत गाव उद्या नकाशावरून पुसलं गेलं, तर ते घराघरासकट पुन्हा मांडून दाखवील असा पृथ्वीवर एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामांनी जन्मभर जव्हार तालुक्यात मास्तरकी केली. पोरांना अकबराचा बाप शिकवताना यांचं सगळं लक्ष पोरांच्या आज्यांकडे. निवृत्त झाल्यावर तर रानच मोकळं मिळालं. जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याची गाडी लागेपर्यंत शेजारच्या अनोळखी माणसाची आजी कुठल्या पाड्यावरची, हे काढून झालेलं असे. पुष्कळदा त्या नादात गाडीही निघून गेलेली असे. एकदा दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई छातीला नळी लावून "श्वास घ्या" म्हणाल्या, तर मामा म्हणाले, "घेतो, पण तुमचं आजोळ कुठलं?" लातूरकडचं निघालं. आपल्या हद्दीबाहेरचं म्हणून मामा एवढे हिरमुसले, की बाईंनी रक्तदाब पुन्हा मोजला.

एका साखरपुड्यात पानं वाढून झाल्यावर यांना आठवलं, की मुलाची पणजी आणि मुलीचा खापरपणजा बहीणभाऊ होते. वरण गार झालं, मुलीचा बाप रडकुंडीला आला. शेवटी मामांनीच डोळे मिटून पुन्हा हिशेब मांडला आणि "सावत्र होती, चालेल" असा निकाल देऊन भाताला हात घातला. जव्हारजवळच्या शिरपामाळावर फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना ते गाठून विचारत, "शिवाजी महाराज इथं थांबले हे सगळे सांगतात. पण त्यांना पाणी कोणी दिलं, हे सांगतं का कोणी?" आणि ते पाणी फिरत फिरत मामांच्याच घराण्याच्या हंड्यातून आलेलं निघे.

कारण मामांच्या मते साखरशेतची पहिली कुदळ त्यांच्याच खापरपणजोबांनी मारली होती. पुरावा काय, तर गावदेवाच्या पूजेचा पहिला नारळ पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घरचा फुटतो. विहिरीजवळच्या घरातले नानूबाबा दरवर्षी पूजेला पुटपुटत, "हा मान आमचे घराचा होता, आमचा बाप सांगं." त्यावर मामा सगळ्यांदेखत त्यांना आपली अख्खी वंशावळ ऐकवत. दोघांत बोलणं नव्हतं.

मग कधीतरी मामांना शोध लागला, की त्यांच्या घराण्याची एक शाखा मोखाड्याकडे राहिली आहे आणि त्यातली एक म्हातारी आत्या अजून हयात आहे. मला बरोबर घेऊन मामा निघाले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, जणू सत्काराला चालले आहेत. आत्या अंगणात नागली, म्हणजे आपली नाचणी, पाखडत होती. मामांनी पाया पडून विचारलं, "आमचे खापरपणजोबा इथून साखरशेत वसवायला गेले, ते कसे?"

"गेला कुठं?" आत्या म्हणाली. "त्याला नेला. वाईट साल होतं, घरात दाणा नव्हता. आई मेली होती. साखरशेतचे विहिरीकडले घरातला एक बाबा आला होता, त्याने पोराला खांद्यावर घेतला. म्हणला, आमचे घरात नागली आहे, खाईल."

मामांचा चेहरा उतरला. आत्या आपल्याच नादात सांगत होती, "देवाचे पूजेला पोर कोपऱ्यात बसून रडत होता. त्याला परकं वाटू नको म्हणून त्या बाबाने आपले हातातला नारळ त्याचे हातात दिला. आजून तुमचेच घरात आहे का तो मान?"

येताना गाडीत मामांशेजारी एक अनोळखी म्हातारा बसला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला राहवेना. म्हटलं, "मामा, आत्यांचं वय झालंय. ऐकीव गोष्टीत चूक असू शकते."

"जन्मभर मी दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं खरं धरलं," मामा म्हणाले, "आता माझी म्हातारी खोटी ठरवू?"

त्या वर्षीच्या पूजेला मामांनी सगळ्या गावासमोर ती हकिगत सांगितली. मग नारळ त्यांनी नानूबाबांपुढे धरला. मला वाटलं, नानूबाबा आता इतक्या वर्षांचं सगळं बोलून घेतील.

"आमचे माणसाने दिला, तो मी मागं घेऊ?" ते म्हणाले. "फोडा मास्तर. आन् मग घरी या जेवायला."

मामांनी दोनदा नारळ दगडावर आपटला, पण तो फुटेना. शेवटी नानूबाबांनी त्यांचं मनगट धरलं, तेव्हा तो फुटला.

गेल्या वर्षी नानूबाबा गेले. दहाव्याला मी साखरशेतला पोचलो, तर मामा कुठं दिसेनात. मग दिसले. डोक्यावरचे केस काढून ते विहिरीजवळच्या घराच्या ओट्यावर, नानूबाबांच्या मुलांच्या रांगेत बसले होते. मला पाहून त्यांनी सरकून शेजारी जागा करून दिली.